खालून दुसरी फळी

रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या घरात व्हिस्कीची बाटली उघडायची. रात्री नाही, सकाळी. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा, पण आधी कारण ऐकून घ्या.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वाळूजच्या एका दारूच्या कारखान्यात नोकरीला होते. सुरुवात धुतलेल्या बाटल्या उजेडासमोर धरून तडा शोधण्यापासून झाली. शेवटची वर्षं मिश्रणाच्या खोलीत गेली, जिथं वेगवेगळ्या पिंपांतला माल एकत्र करून दरवेळी तीच चव जुळवतात. शिक्षण दहावी. पण नाक असं, की केमिस्ट लोक मशीनचा कागद हातात घेऊनसुद्धा अण्णांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. त्या खोलीचा एक नियम होता. नमुने सकाळी अकराला हुंगायचे. नाश्ता जिरलेला असतो, जेवण व्हायचं असतं, नाक ताजं असतं. त्या सकाळी वासाचा साबण नाही, डोक्याला तेल नाही, तंबाखू तर नाहीच नाही. अण्णा निवृत्त झाले, नियम झाला नाही.

मी पंचवीस वर्षांची झाले तेव्हा अण्णांनी स्वतःहून माझ्या नावाचा दारू पिण्याचा परवाना काढून आणला. त्यांचा होताच. दोन्ही परवाने रेशनकार्डाच्या पिशवीत गेले.

"प्यायची तर कायद्यात प्यायची, घरात प्यायची, अन् चांगली प्यायची," अण्णा म्हणाले.

"पोरीला स्थळ बघायचं सोडून परवाना काढायलेत," आई म्हणाली.

"स्थळाला परवाना लागत नाय, म्हणून तर सगळा घोटाळा हाय."

चांगली म्हणजे महाग नव्हे. हे अण्णा पहिल्या दिवशीच बोलले. पडेगावला आमच्या बिल्डिंगपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दुकान आहे, तिथं मला घेऊन गेले आणि फळ्या दाखवल्या. सगळ्यात वरच्या फळीवर पैसे खोक्याचे आणि सोनेरी टोपणाचे. सगळ्यात खालच्या फळीवर दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचे. खालून दुसरी फळी आपली. तिथं जाहिरात न परवडणारे लोक माल बरा करून ठेवतात. दुकानदार दरवेळी वरची बाटली पुढं करायचा.

"अंकल, ये देखो, नवीन आलीय. खोकं बघा ना, क्या मस्त."

"खोकं तू पी. मला ती दुसऱ्या फळीवरची दे."

त्या बाटल्यांनी मला जे दिलं ते कुठल्या शाळेनं दिलं नाही, हे मी आज बेधडक लिहिते, कारण आता लपवण्यासारखं काही शिल्लक नाही. कारखान्यानं निरोपाला घड्याळाऐवजी दोन ग्लास दिले होते. बुडाशी गोल, तोंडाशी निमुळते. त्यात दोन बोटं व्हिस्की. आधी नुसती हुंगायची, तोंड जरासं उघडं ठेवून. मग ड्रॉपरनं पाण्याचे थेंब. पूर्वी अण्णा पूजेची पळी वापरायचे, आईनं ती लपवून ठेवली. "लोकाच्या घरी रविवारी सत्यनारायण असतो, आमच्या इथं हे तीर्थ," असं ती ओट्यापाशी बोलायची, पण ज्वारीच्या कोरड्या भाकरीचे तुकडे मात्र न सांगता बशीत आणून ठेवायची. दोन घोटांच्या मध्ये तोंड साफ करायला भाकरी. शेव, शेंगदाणे, लिंबू बंद.

"काय आलं?" अण्णा विचारायचे.

"गोड काहीतरी."

"गोड म्हंजी? साखर का गूळ? गूळ असला तर ढेप का कढई?"

"कढई."

"कढईचा मधला भाग का कड?"

"कड. लागलेली."

"हां. आता बोललीस."

अशी मी शिकले. भिजवलेल्या हरभऱ्याचं पाणी. ओलं गोणपाट. पिकून फुटलेलं सीताफळ. बंद पेटीतली लोकरीची शाल. अण्णांकडे पुस्तकी शब्द नव्हते, गावाकडचे होते, आणि ते सगळे त्या ग्लासात सापडायचे. उन्हाळ्यात पांढरी वाइन. फ्रिजमध्ये तिचा वास गोठतो म्हणून कूलरच्या टाकीत बाटली आडवी सोडायची. दुपारपर्यंत लेबल सुटून पाण्यावर तरंगायचं. मग आम्ही नाव न बघता प्यायचो आणि अण्णा हसायचे, "बघ, आता खरी परीक्षा." मटणाच्या दिवशी नाशिककडची तांबडी, तीही दुसऱ्याच फळीची. तिला अण्णा जांभळाची बी चावल्यासारखी म्हणायचे. एका बाटलीचे तीन रविवार व्हायचे. बारा वाजता ग्लास धुऊन पालथे.

हे सगळं खिडकीचे पडदे ओढून. परवाना असून, कुणाचं एक पैशाचं वाईट न करता, आम्ही बापलेक चोरासारखे बसायचो. खालच्या मजल्यावरचे काका दर शनिवारी गच्चीवर मित्रांबरोबर ओरडेपर्यंत प्यायचे. त्यांना कुणी काही बोलायचं नाही, पुरुष आहेत. मुलगी बापासमोर सकाळी अकराला ग्लास हुंगते, हे मात्र सोसायटीला पचलं नसतं.

आणि पडदा ओढायला अजून एक कारण होतं. माझं काम.

मी पत्रकं लिहिते. गेली काही वर्षं एका संघटनेत आहे. पाणी, रस्ते, मुलींची एसटी, जे हाती येईल त्यावर एका कागदाच्या दोन बाजू. आमच्या संघटनेतल्या थोरल्या ताईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "पत्रकात एकच शत्रू असतो आणि 'पण' नसतो. 'पण' आला की वाचणारा कागदात भजी बांधतो." मी ते मनावर घेतलं. फार घेतलं.

देवगाव रंगारीच्या पुढं आमचं गाव आहे. अण्णांची धाकटी बहीण, माझी आत्या, तिथंच दिली आहे. शाळेच्या वाटेवर देशी दारूचं दुकान निघालं. शाळा भरायच्या आधी दुकान भरायचं. पोरी शेताच्या बांधावरून वळसा घालून जायला लागल्या आणि मग काही जायच्याच बंद झाल्या. आत्यानं बायका गोळा केल्या, सह्या केल्या, मतदान मागितलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: आपल्याकडे गावातल्या बायका मत देऊन दारूचं दुकान बंद पाडू शकतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. आत्याचा फोन आला, "पोरी, तुझा एक कागद दे लिहून. तुझा कागद वाचून माणूस पेटतो."

ते दुकान बंद व्हायलाच हवं होतं. आजही माझं तेच म्हणणं आहे. माझा राग खोटा नव्हता. त्या रागात थोडा अण्णांवरचाही होता, हेही लिहून टाकते. एका रविवारी मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही तपासलेला माल कुणाच्या घरात जाऊन काय करत होता, याचा कधी विचार केलात का? ते म्हणाले, "मी वास तपासला. कोण किती पितंय ते तपासायचं काम माझ्याकडं नव्हतं." हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्याचा सूड मी पत्रकात घेतला, तो नामर्दपणा होता.

मी लिहिलं: "दारूला चव नसते. चव ही पिणाऱ्यानं बायकोला मारलेली थाप आहे."

छान ओळ आहे. ठसठशीत. खोटी.

माझं प्रत्येक पत्रक छापायला जायच्या आधी अण्णा वाचायचे. बाटलीवरची लेबलं तपासायची सवय, चूक सुटायची नाही. त्या दिवशी कागद त्यांनी खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्याजवळ धरला. त्या ओळीपाशी बॉलपेन थांबलं.

"हे असंच जाणार का?"

"पत्रकात 'पण' बसत नाही, अण्णा."

"बरं." पुढं वाचून काढलं. परत देताना म्हणाले, "खाली छापणाऱ्याचं नाव राहिलंय. ते घाल, नायतर लफडं व्हईल."

बस्स. मला वाटलं, समजून घेतलं.

सभा मतदानाच्या काही आठवडे आधी दुपारी शाळेच्या ओट्यावर होती. अण्णा माझ्याबरोबर बसनं आले, बहिणीला भेटायला म्हणून. चपलांच्या ढिगाजवळ मागं बसले. मी बोलले. चांगलं बोलले. चवीची ओळ आली तेव्हा बायका "व्हय व्हय" म्हणाल्या. संपल्यावर आत्या म्हणाली, कुणाला काय इचारायचं का? तेव्हा धनगरवस्तीवरच्या एका म्हातारीनं काठी वर केली.

"लेकी, एक इचारू? राग नको धरू."

"विचारा की, आजी."

"तू पिती का?"

ओट्यावर हशा पिकला. शेजारची म्हणाली, "म्हातारे, काय बी इचारती का गं! शिकलेली पोर हाय ती."

"म्हणून तर इचारती. शिकलेल्या लई पित्यात म्हणं."

मला वेळ होता. हशा ओसरेपर्यंत चांगला वेळ होता. मी म्हणू शकत होते, हो आजी, रविवारी बापाबरोबर दोन बोटं घेते, आणि तरी म्हणते हे दुकान इथं नको. पण तो 'पण' माझ्या जिभेला माहीतच नव्हता.

"नाही आजी. आमच्या घरात बाटली कधी आलीच नाही."

माझ्या आत्याला हे खरंच वाटत होतं. ती उत्साहात उठली. "आमचा दादा बसलाय न्हवं मागं! त्यालाच इचारा. कारखान्यात जन्म गेला, पर थेंब नाय घेतला कधी. व्हय ना रं, दादा?"

सगळ्या माना मागं वळल्या. मीही बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या चपलांकडे बघत म्हणाले, "व्हय."

मग म्हातारी बोलली. "बरंय बाई तुमचं. म्या तर पिती. थंडीचं मेंढरामागं रानात निजावं लागतं, दोन घोट लागत्यात. पर ते दुकान पोरींच्या वाटंवर नको म्हंजी नको. म्या पिती, तरी बी आडव्यालाच शिक्का मारती."

टाळ्या पडल्या. अख्ख्या सभेत सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या म्हातारीला पडल्या. दोन वाक्यांत तिनं माझं पत्रक फाडून फेकलं आणि तिला ते कळलंही नाही. खरं बोलून काही बिघडलं नसतं. एक बाई कमी झाली नसती. मी कुणासाठी खोटं बोलले? आणि बापाकडून कुणासाठी वदवलं?

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "अण्णा, सभेत दुसरं काय सांगणार होते मी?"

"बरोबर बोललीस."

"मग बोलत का नाही आहात?"

"खिडकीकडं बसू दे. मळमळायलंय."

पुढच्या रविवारी अकराला मी ग्लास मांडले, भाकरीचे तुकडे ठेवले. अण्णांनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला.

"काय आलं?" यावेळी मी विचारलं.

"काय नाय."

"म्हणजे?"

"वासच येत नाय गं. दोन-चार दिवस झाले. नाक गेलं."

ते इतकं साध्या आवाजात म्हणाले की मी हादरले. सभा, पत्रक, सगळं डोक्यातून गेलं. ज्या माणसाच्या नाकावर कारखाना चालला त्याचं नाक गेलं! दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. ते येत नव्हते, ओढून नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत बघितलं, मग डोळे मिटायला सांगून कॉफीची बाटली नाकाखाली धरली.

"काय वास येतोय, काका?"

"काय नाय."

लवंग धरली. "काय नाय." निलगिरीचं तेल धरलं, ज्याचा झणका माझ्या खुर्चीपर्यंत आला. अण्णांचे डोळे मिटलेलेच. "काय नाय."

डॉक्टर म्हणाले, आत काही दोष दिसत नाही, वयानं होतं कधी कधी. फवारा लिहून दिला. जिन्यात मी रडले. अण्णांनी पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. वय झालं." मी म्हणाले, बरं होईल. त्यांनी मान हलवली.

मतदान झालं. हरलो. आडव्या बाटलीवर जास्त शिक्के पडूनही हरलो, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. नियम असा, की आलेल्या बायकांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर हवेत. न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूची. ऊसतोडीला गेलेल्या दुकानाच्या बाजूच्या. लग्न होऊन गेलेल्या, पण यादीतून नाव कमी न झालेल्या दुकानाच्या बाजूच्या. आणि ती म्हातारी, जी पीत होती आणि तरी शिक्का मारणार होती, ती मेंढरं घेऊन नदीच्या पलीकडं गेली होती. तीही, कायद्याच्या हिशेबानं, दुकानाच्या बाजूची. दारू पिणाऱ्या माणसाला दुकान चालू ठेवायला कधी उसाच्या फडातून यावं लागत नाही. दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं. आत्यानं फोनवर एवढंच म्हटलं, "तुझा कागद लई भारी होता, पोरी." ते ऐकून मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

थोरल्या ताई म्हणाल्या, पुन्हा सह्या गोळा करू. मी हो म्हणाले. हो म्हणण्याची सवय आहे.

त्यानंतर महिन्याभरानं असेल. गुरुवार होता. आम्ही तिघं जेवायला बसलो. साधं वरण, भाकरी, वांग्याची भाजी. अण्णांनी वरणाची वाटी तोंडाजवळ नेली आणि घोट घ्यायच्या आधीच म्हणाले, "हिंग बदललास का गं?"

"शहागंजच्या त्या दुकानाला कुलूप होतं," आई म्हणाली. "शेजारच्याकडून घेतला. तसाच तर हाय."

"तसा नाय. पीठ जास्ती घातलंय ह्यात."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. आईच्या काही लक्षात आलं नाही, ती हिंगवाल्याला नावं ठेवत राहिली. अण्णांनी वाटी खाली ठेवली. त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्या लक्षात आलंय हेही लक्षात आलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही भाकरी मोडायला लागलो.

नाक जागेवर होतं. डॉक्टरच्या खुर्चीत निलगिरीच्या तेलासमोर डोळे मिटून बसलेल्या माणसाला सगळं येत होतं. मी लिहिलं होतं की दारूला चव नसते, आणि सभेत सांगितलं होतं की आमच्या घरात बाटली कधी आली नाही. ते माझ्या शब्दाला जागत होते. लेकीनं चारचौघांत जे सांगितलं ते त्यांनी स्वतःच्या अंगावर खरं करून दाखवलं होतं. ते भांडले असते तर मीही भांडले असते. भांडण मला येतं. हे मला येत नाही.

मी माफी मागितली नाही असं नाही. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाले, "अण्णा, ती ओळ चुकली माझी." ते चिमटे हातात देत म्हणाले, "छापून झालं की चूक नसती. आम्हीबी लेबल लागल्यावर बाटली परत फोडत नव्हतो."

परवाच्या रविवारी अकराला मी एकटीनं बाटली काढली. खालून दुसऱ्या फळीचीच, मागं आम्ही तीन रविवार प्यायलो होतो त्याच नावाची नवी. पडदा ओढला नाही. दोन ग्लास मांडले. अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. ही व्हिस्की कुणालाही कळेल अशी आहे. कढईची कड, आणि मागून ओलं गोणपाट. अण्णांनीच शिकवलेलं. मी हुंगलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "केवडा."

पेपर हलला नाही.

"केवडा आणि गुलाबपाणी," मी म्हणाले. असं काही त्या ग्लासात जन्मात नव्हतं. पूर्वी अण्णा ताडकन उठले असते. अगं भवाने, गुलाबपाणी? सरबत प्यायलीस का?

अण्णांनी पान उलटलं.

मी त्यांच्या ग्लासातले दोन थेंब बोटावर घेतले, पुन्हा हुंगलं, पुन्हा खोटं सांगितलं. तिसऱ्या खेपेला मी ग्लास खाली ठेवला. ओट्यापाशी आईनं भाकरी थापायची थांबवली होती. तिथून ती हळूच म्हणाली, "झालं का गं? भाकरीचे तुकडे ठेवू का नको?"

"नको," अण्णा म्हणाले.